सेरेंगेटीला निघालेल्या ग्रुप टूरवाल्या मंडळींना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार,

तुमच्यापैकी कुणालाच मी ओळखत नाही, पण तुम्ही कोण आहात ते मला बरोब्बर माहितीये, कारण मागच्या एका फेब्रुवारीत मी तुमच्यातलीच एक होते. अठरा जणांचा ग्रुप, तीन लँड क्रूझर, सगळ्यांच्या डोक्यावर टूरवाल्यांनी दिलेल्या एकसारख्या टोप्या, प्रत्येक गाडीत बाकरवडीचे आणि चिवड्याचे डबे (डबेच न्या हं, टांझानियात २०१९ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे) आणि व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव "सिंबा". त्या ग्रुपातल्या निम्म्या लोकांशी मी आता बोलत नाही हा विषय वेगळा.

पत्र लिहायला बसले त्याचं कारण परवाचं एक लग्न. पंगतीत शेजारी बसलेल्या वहिनी म्हणाल्या की आम्ही पण चाललोय सेरेंगेटीला, बिग फाईव्हची गॅरंटी दिलीये टूरवाल्यांनी. मी म्हणलं गॅरंटी? तर हो म्हणाल्या, पाचही दाखवणार, तसं लिहूनच दिलंय. माझा घास हातातच राहिला, आणि घरी आल्यावर झोप लागेना म्हणून हे टाईप करतेय, मोठं झालं तर सांभाळून घ्या.

आधी त्या बिग फाईव्हचं बघू. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस ही यादी शिकाऱ्यांनी केलेली आहे, पायी जाऊन मारायला सगळ्यात अवघड आणि धोक्याची जनावरं कुठली, तर ही पाच. म्हणून त्यात चित्ता नाही, जिराफ नाही, पाणघोडा नाही. बंदूक घेऊन आलेल्या गोऱ्या साहेबाची यादी आपण आता मोबाईल घेऊन टिक करत फिरतो. आमच्या गाडीतल्या एका काकांनी तर खरोखरच वहीत चौकोन आखून आणले होते. सिंह दिसला, टिक. "चला पुढे." सिंहीण त्या वेळी आपल्या पिल्लाला चाटत होती, पिल्लू उलटं पडून पंजे मारत होतं, आणि आम्ही चला पुढे. शिर्डीला गर्दीत मुखदर्शन करून ढकलत बाहेर काढतात ना, तसंच, फक्त इथे ढकलणारे आम्हीच होतो.

याच काकांचा दुसरा धोशा म्हणजे क्रॉसिंग. टीव्हीवर बघितलेलं असतं आपण, हजारो विल्डेबीस्ट (गाईसारखी दिसणारी मोठी हरणं) नदीत उड्या टाकतात, मगरी ओढून नेतात वगैरे. तर काका रोज सकाळी ड्रायव्हरला विचारायचे, क्रॉसिंग किधर है. अहो, फेब्रुवारीत! मारा नदी तिकडे पार उत्तरेला, क्रॉसिंगचे दिवस साधारण जुलै ते ऑक्टोबर, आणि आम्ही होतो दक्षिणेला न्दुटूच्या माळावर. पैसे भरताना हे कुणी विचारलं नव्हतं, टूरवाल्यांनी सांगितलं नव्हतं, आणि राग कुणावर निघत होता तर स्टिअरिंगवर बसलेल्या माणसावर. त्यामुळे एक करा, बुकिंग करायच्या आधी महिना आणि जागा यांचा मेळ बघा. जवळपास १३ लाख विल्डेबीस्ट, त्यांच्याबरोबर दोन लाखांच्या आसपास झेब्रे आणि लाखोंनी थॉमसन गॅझेल ही छोटी हरणं, हे सगळं लटांबर वर्षभर गोल फिरत असतं. डिसेंबर ते मार्च दक्षिणेच्या आखूड गवतावर, मग पश्चिमेला ग्रुमेटी नदीकडे, मग उत्तरेला मारा ओलांडून केनियात, आणि नोव्हेंबरच्या पावसाबरोबर परत खाली. पंढरीची वारी तरी तिथीने निघते, ही निघते ढगांवर, त्यामुळे तारीख सांगणारा जो कोणी असेल तो थापा मारतोय असं समजा.

आता चित्त्याचा प्रसंग सांगते, आणि यात माझीच चूक आहे हे आधीच कबूल करते.

पार्काच्या मध्यावरच्या सेरोनेराजवळ सकाळी साडेसातच्या सुमारास एका वारुळावर चित्त्याची मादी बसलेली, खाली गवतात तीन पिल्लं, मोजून तीन, मांजराएवढी, पाठीवर राखाडी केसांची झूल असल्यासारखी. लांब हरणांचा कळप. आम्ही पोचलो तेव्हा दोन गाड्या होत्या, रेडिओवरून निरोप फिरला आणि वीस मिनिटांत चौदा झाल्या, मी मोजल्या. मादी खाली उतरली आणि मान जमिनीला लावून सरकायला लागली. काय सांगू, एक पाऊल टाकायची आणि दगड व्हायची, परत एक पाऊल. गाडीत कुणी श्वास घेत नव्हतं. आणि नेमकी पुढच्या गाडीची टपावरची फळी माझ्या फ्रेममध्ये आली. मीच म्हणाले, थोडं पुढे घ्या ना प्लीज. ड्रायव्हरने माझ्याकडे आरशातून बघितलं, एक सेकंदभर, काही बोलला नाही, आणि गाडी दहा फूट पुढे घेतली. खडीवर टायर वाजले. हरणांनी माना वर केल्या आणि गेली. मादी उभी राहिली, कळप गेला त्या दिशेला बघत बसली, मग परत वारुळापाशी आली. पोटं खपाटीला गेलेली होती तिची. मागून आवाज आला, अरेरे मिस झालं, पण चित्ता झाला ना, टिक करा.

चित्ता दिवसा शिकार करतो, सिंह आणि तरसं रात्री बाहेर असतात म्हणून. म्हणजे आपल्या गाड्या फिरतात त्याच वेळी त्याचं पोटापाण्याचं काम चालू असतं. केनियातल्या मासाई मारामध्ये या विषयावर अभ्यास झालाय, २०१८ साली छापून आला, की जिथे पर्यटक कमी तिथे एका वेतातली सरासरी दोनच्या वर पिल्लं मोठी होतात आणि जिथे गाड्यांची गर्दी तिथे ०.२. म्हणजे पाच वेतांत मिळून एक पिल्लू. हे मी परत आल्यावर वाचलं आणि तो आरशातला सेकंद आठवला, अजून आठवतो.

मग तुम्ही म्हणाल ड्रायव्हरने नाही म्हणायचं ना. कसं म्हणणार हो? टीप आपल्या हातात, रिव्ह्यू आपल्या हातात, आणि पुढच्या सीझनला त्याला बोलवायचं की नाही हे त्या रिव्ह्यूवर. त्याला नियम पाठ आहेत, रस्ता सोडून गवतात गाडी घालायची नाही, ठरलेल्या जागेशिवाय कुणी खाली उतरायचं नाही, दंड त्यालाच होतो. तरी २०२५ च्या जुलैमध्ये कोगाटेंडेला माराच्या काठावर काय झालं ते तुम्ही व्हिडिओत बघितलं असेल, लोक गाड्यांतून उतरून पार काठावर जाऊन उभे, आणि जनावरांना उतरायला वाटच नाही. आणि नाक मुरडू नका, आपल्या उमरेड-कऱ्हांडल्यात २०२४ च्या ३१ डिसेंबरला वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांना जिप्स्यांनी दोन्हीकडून कोंडलं होतं, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली तेव्हा कुठे हलले सगळे. त्या जिप्स्यांत काही परग्रहावरचे लोक नव्हते.

ड्रायव्हरवरून एक आठवलं. आपल्या सवयीने सगळे त्याला दादा दादा करत होते, दादा इधर रोको, दादा पानी है क्या. दोन दिवस तो नुसता हसायचा. तिसऱ्या दिवशी त्यानेच सांगितलं की स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण! काका म्हणजे भाऊ. आणि मामा म्हणजे आई. त्या दिवशी गाडीत जेवढं हसलो तेवढं सगळ्या टूरमध्ये नाही हसलो. बाकी गाडीला ते गारी म्हणतात, पैशाला पेसा, विम्याला बीमा, लाखाला लाकी, चपातीला चपातीच, कारण आपल्याकडच्या व्यापाऱ्यांची गलबतं शतकानुशतकं त्या किनाऱ्याला लागत होती. तर त्याला काका म्हणा, आणि "पोले पोले" हे दोन शब्द शिका, म्हणजे सावकाश, सावकाश. तुम्ही ते म्हणलात ना की त्याचा चेहरा बघा कसा खुलतो, गिऱ्हाईकच घाई नाही म्हणतंय हे त्याला फार कमी वेळा ऐकायला मिळतं.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हे पत्र, आणि जी कुठल्याच ब्रोशरमध्ये नाही. गवत.

हसू नका. मी मूळची सोलापूरची, माळावर वाढलेली बाई, त्यामुळे गवताला नावं ठेवलेली मला चालत नाहीत. पार्कात शिरताना नाबी हिलच्या गेटवर परमिटचं काम चालू असतं तेव्हा सगळे टॉयलेटला आणि कॉफीला पळतात, तुम्ही मागच्या टेकडीवर चढा, पाच-दहा मिनिटांची वाट आहे. वरून बघा. काही नाहीये. झाड नाही, खांब नाही, तार नाही, ढगांच्या सावल्या गवतावरून सरकत जातात तेवढंच, आणि ते असं लांबच लांब जातं की डोळ्यांना टेकायला जागा सापडत नाही. मासाई भाषेतला सिरिंगेट म्हणजे जमीन जिथे संपतच नाही ती जागा, त्याचं सेरेंगेटी झालं. नॅशनल पार्क १९५१ साली झालं, क्षेत्रफळ १४,७६३ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ आमचा अख्खा सोलापूर जिल्हा. अक्कलकोटपासून करमाळ्यापर्यंत नुसती जनावरं आणि गवत, असा विचार करून बघा.

आमची गाडी याच माळावर पंक्चर झाली. ग्रुप वैतागला, मी मनातून खूश. काकांनी (ड्रायव्हरकाकांनी, वहीवाल्या नाही) आम्हाला गाडीतच बसवलं, चारी दिशा नीट न्याहाळल्या आणि जॅक लावला. मी दार उघडून पायरीवर बसून होते, तर त्यांनी बाजूच्या ओघळीकडे बोट दाखवलं, पाण्याने माती कापून गेलेली आणि हातभर खाली पांढरट टणक थर. विचारलं हे काय, तर त्यांनी पूर्वेकडे हात केला, म्हणाले लेंगाई. ओल डोइन्यो लेंगाई, मासाईंचा देवाचा डोंगर, अजून जागा असलेला ज्वालामुखी, आणि त्याचा लाव्हा जगावेगळा, बाहेर येतो तेव्हा काळा आणि हवेतल्या ओलाव्याने थोड्याच दिवसांत पांढरा पडणारा. त्या भागातल्या ज्वालामुखींची राख हजारो वर्षं वाऱ्याने या माळावर येऊन पडली, त्यातला चुना पावसाबरोबर खाली मुरला आणि त्याचा हा सिमेंटसारखा थर झाला. झाडाचं मूळ त्याला फोडू शकत नाही, म्हणून इथे झाड नाही, नुसतं बोटभर गवत. मी म्हणलं अगं बाई, आमच्याकडे पण हेच, दीड वीत माती आणि खाली मुरूम लागतो, म्हणून माळ.

पण ते बोटभर गवत म्हणजे काय चीज आहे बघा. राखेमुळे त्यात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर, आणि दूध पाजणाऱ्या आईला नेमकं तेच लागतं. म्हणून लाखो गाभण माद्या इतकी पायपीट करून इथेच बाळंतपणाला येतात, माहेरी यावं तशा. दोन-तीन आठवड्यांत चार-पाच लाख पिल्लं, सगळी एकदम, कारण तरसं आणि सिंह खाऊन खाऊन किती खाणार. माळावर कायमचं गोडं पाणी मात्र नाही, त्यामुळे पाऊस संपला की निघावंच लागतं.

पंक्चर निघायच्या आत आम्हाला एक बाळंतपण दिसलं. साठ-सत्तर फुटांवर एक मादी खाली बसली, उठली, परत बसली, आणि मग एक ओलं गाठोडं गवतात पडलं. वार अजून लोंबत होती तिची. पिल्लाने पुढचे पाय टाकले, तोंडावर पडलं. मागचे उचलले, बाजूला कलंडलं. आई नाकाने ढोसत होती. चौथ्या-पाचव्या वेळेला उभं राहिलं, चारी पाय चार दिशांना, आणि लटलटत का होईना चालायला लागलं. घड्याळात बघितलं तर नऊ मिनिटं. माझ्या मुलीला चालायला तेरा महिने लागले होते. मागच्या सीटवरच्या बाईंनी इअरफोन काढून विचारलं, झालं का टायर?

अजून एक गोष्ट सांगते, ती ऐकून आमचे ड्रायव्हरकाका पण म्हणाले होते की हे कुणी विचारत नाही. हे १३ लाख पूर्वीपासून नव्हते. १८९० च्या आसपास तिथे गुरांची साथ आली, आपली बुळकांडी, जिला इंग्रजीत रिंडरपेस्ट म्हणतात. आमच्या आजोबांच्या तोंडी हा शब्द असायचा, बैलजोडी गेली त्याच्या गोष्टीत. तिकडे मासाईंची गुरं खलास, माणसं उपाशी मेली, आणि रोग रानात शिरून विल्डेबीस्ट आणि रानम्हशी पण मेल्या, पुढे कित्येक वर्षं नवी पिल्लं मरत राहिली. मग आजूबाजूच्या गुरांना लस टोचायला सुरुवात झाली, गुरांतला रोग गेला तसा रानातला पण गेला. १९६१ मध्ये अडीच लाखांच्या घरात असलेले विल्डेबीस्ट १९७७ पर्यंत १३ लाख झाले. एवढ्या तोंडांनी गवत खाल्लं म्हणून वणवे कमी झाले, वणवे कमी झाले म्हणून झाडं वाढली. म्हणजे गाईला दिलेल्या सुईमुळे जंगल वाढलं! २०११ मध्ये बुळकांडी जगातून गेल्याचं जाहीर झालं, देवीनंतर माणसाने मुळासकट संपवलेला हा दुसराच रोग. हे सगळं त्या गवतात लिहिलेलं असतं आणि आपण म्हणतो इथे काही नाहीये, चला.

मासाईंच्या वस्तीत टूरवाले नेतातच, उड्या मारतात, आपण फोटो काढतो, मणी घेतो, घासाघीस करतो. करा, पण एवढं लक्षात असू द्या की हे लोक पार्काच्या आत राहायचे, १९५९ मध्ये त्यांना तिथून शेजारच्या ङोरोंगोरोकडे हलवलं, आणि २०२२ मध्ये पार्काला लागून असलेल्या लोलिओंडोला जमिनीच्या हद्दी आखण्यावरून परत संघर्ष झाला. अभयारण्यासाठी गाव उठवलं की माणसाचं काय होतं ते आपल्याला नवीन नाही, चांदोलीची, मेळघाटची माणसं विचारा. त्यामुळे पन्नास रुपयांच्या मण्यांसाठी पाऊण तास हुज्जत नका घालू एवढंच.

आता शेवटचं. न्दुटूहून परत निघालो त्या सकाळी रस्त्याच्या उजव्या हाताला, गाडीपासून फार तर तीस पावलांवर, एक पक्षी चालला होता. कंबरेच्या वरपर्यंत येईल एवढा उंच, करड्या मानेचा, डोक्यावर काळी शेंडी. आणि ती चाल. एक पाय उचलायचा, विचार करायचा, मग टाकायचा, जसा काही घरचा जुना जमीनदार शेतात फेरी मारतोय. मला घाम फुटला हो. ती चाल मी सात-आठ वर्षांची असताना बघितलेली, वडिलांच्या लूनावर मागे बसून, सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर. माळढोक. वडिलांनी लूना बंद केली होती आणि आम्ही कितीतरी वेळ तसेच उभे होतो, उन्हात, काही न बोलता.

सेरेंगेटीतला तो कोरी बस्टर्ड, माळढोकाचा सख्खा चुलतभाऊ, उडणाऱ्या पक्ष्यांत सगळ्यात वजनदार जे मोजके आहेत त्यातला एक. तिथे तो आरामात चालतो. इकडे नान्नजचं अभयारण्य १९७९ मध्ये झालं, पण माळ म्हणजे आपल्या हिशेबी पडीक जमीन, त्यावर झाडं लावा, नांगरा, प्लॉट पाडा, तारा ओढा, काहीही करा. आता अख्ख्या देशात माळढोक दीडशेच्या आसपास, तेही बहुतेक राजस्थानात. सोलापूरची पोरं अभयारण्याची कमान बघतात आणि कमानीवरचं चित्र.

मी ओरडले, थांबा थांबा. काकांनी ब्रेकवर पाय ठेवला पण होता. मागून आवाज आला, पक्षीच आहे ना? फ्लाईटला उशीर होईल, चला. आणि तीन-चार जणांनी हो हो केलं. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, माळढोक म्हणजे काय हे चालत्या गाडीत कसं सांगायचं, आणि बिग फाईव्हमध्ये तर तो नाहीच. गाडी गेली. मागच्या काचेतून धुळीत तो थोडा वेळ दिसला.

तर मंडळी, तुमच्यापैकी कुणी डिसेंबर ते मार्चमध्ये न्दुटूकडे जाणार असाल आणि तो रस्त्याकडेला दिसला, तर गाडी थांबवा, इंजिन बंद करायला सांगा आणि एक फोटो काढा, चालतानाचा, पाय उचललेला असताना. मला पाठवा. माझ्याकडे त्याचा फोटो नाहीये.

तुमचीच,
सोलापूरची एक माळावरची बाई